मोंतरीवालची एकेचाळीस उद्गारचिन्हं

कि.मी. ०.००
मीटर शून्य करा. इथून सुरुवात.

वाळवंटातल्या रॅलीत गाडी हाकणारा एक असतो आणि कुठे हाकायची ते सांगणारा दुसरा. हाकणाऱ्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो. सांगणाऱ्याचं कोपर येतं, खिडकीतून बाहेर डोकावणारं, आणि खाली त्याचं नाव चुकीचं छापतात. मी ते कोपर होणार होतो. माझी काहीच हरकत नव्हती.

का, ते सांगतो. मी नॉर्बेर काझाल, वय सत्तेचाळीस. मोंतरीवालच्या भूमापन कचेरीत बावीस वर्षं जमिनी मोजतोय. या बावीस वर्षांत मी आखलेली एकही हद्द कोणी मुकाट्याने मान्य केलेली नाही. मी शेताच्या मधोमध खुंटी ठोकतो, तेव्हा दोन्हीकडचे शेजारी मला खोटं पाडतात. वीस वर्षं एकमेकांशी न बोलणारी माणसं त्या एका मुद्द्यावर एक होतात आणि मला बांधावर सोडून सोबतीने दारू प्यायला जातात. घरीही तेच. गिलेन, म्हणजे माझी बायको, खिडकीतून विचारते, "पाऊस येईल का रे?" मी "नाही" म्हणतो. ती छत्री घेते.

आणि रॅलीच्या गाडीत वाटाड्याचा शब्द म्हणजे कायदा. तो डावीकडे म्हणाला की गाडी डावीकडे. हाकणाऱ्याला बघायला वेळ नसतो, त्याला विश्वासच ठेवावा लागतो. मला पदक नको होतं, आफ्रिकाही नको होती. आयुष्यात एकदा मी काहीतरी सांगावं आणि समोरच्याने ते ऐकावं, एवढंच हवं होतं. त्यासाठी एखादा माणूस छंद म्हणून कुत्रा पाळेल. आमच्या घरी कुत्रा गिलेनचं ऐकतो.

कि.मी. १.१०
फाटा. मेव्हण्याकडे वळा.

माझा मेव्हणा रेजिस शेतीची यंत्रं विकतो. सासऱ्यांची जुनी जीप सासूबाईंच्या गोठ्यात पडून होती. रेजिसने दोन वर्षं खपून ती उभी केली, तिला पिवळा रंग दिला आणि एका संध्याकाळी म्हणाला, "दाजी, वाटाड्या व्हाल का? तुम्हाला नकाशे कळतात. शिवाय तुमचं वजन कमी आहे."

ही रॅली डिसेंबरच्या अखेरीस पॅरिसहून निघते, समुद्र ओलांडते आणि तीन आठवड्यांनी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचते. म्हणजे काही जण पोचतात. बाकीचे विमानाने परत येतात आणि उन्हाळ्यापर्यंत वाळूबद्दल बोलतात.

बातमी फुटली आणि गावाने मला सल्ला द्यायला घेतला. बेकर पेरेस म्हणाला, "टायरमधली हवा कमी ठेव. माझा चुलतभाऊ वाळूत रुतला होता."

"कुठल्या वाळवंटात?"

"आर्काशोंच्या चौपाटीवर. वाळू ती वाळूच की."

पोलिसातून निवृत्त झालेले कॅप्टन गिरो यांनी मला चौकात थांबवून सांगितलं, की तहान लागली तरी पाणी प्यायचं नाही, तोंडात गोटी धरायची.

"कॅप्टन, तुम्ही वाळवंटात होता?"

"मी लीलमध्ये होतो. पण माझ्या हाताखाली एक जण होता, तो जाऊन आला होता."

लील आमच्या देशात उत्तरेच्या टोकाला आहे आणि तिथे तीनशे दिवस पाऊस पडतो. मी आभार मानले. आमच्या समोरच्या मादाम व्हिदाल एवढंच म्हणाल्या, की लोकरीचे मोजे घ्या, तिकडे थंडी असते. एवढा एकच सल्ला खरा होता, म्हणून तो मी ऐकला नाही.

कि.मी. १.९०
रस्ता अरुंद. समोरून सरकारी पत्र.

रॅलीच्या संयोजकांचं पत्र आलं. प्रथमच येणाऱ्या वाटाड्याने आपल्या भागातल्या किमान चाळीस किलोमीटरची मार्गवही स्वतः करून, ती जमिनीशी तंतोतंत जुळते असा स्थानिक अधिकाऱ्याचा शिक्का घेऊन, पंधरा नोव्हेंबरच्या आत पाठवावी. नाहीतर जागा दुसऱ्याला.

मार्गवही म्हणजे कागदाची लांब गुंडाळी. तिच्यात चौकटीखाली चौकट: इतक्या किलोमीटरवर हा बाण, ही खूण. आणि धोका असेल तर उद्गारचिन्ह. एक म्हणजे सांभाळून. दोन म्हणजे वेग उतरवा. तीन म्हणजे थांबा, खाली उतरा, बघा आणि मग ठरवा की हे सगळं कशासाठी चाललंय.

मी तीन रविवार सायकलवर मोंतरीवाल मोजलं. प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा, प्रत्येक भटका बोकड. चाळीस किलोमीटरमध्ये एकेचाळीस उद्गारचिन्हं झाली. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. मी आयुष्यात इतकं प्रामाणिक काम केलं नव्हतं, आणि प्रामाणिक कामाचं जे व्हायचं ते—

कि.मी. १२.४०
निळं फाटक. उघडा नाला, दीड मीटर खोल, गवताने झाकलेला. !!!

—ते या चौकटीमुळे झालं. निळं फाटक माझ्या सासूबाईंचं, म्हणजे मादाम लामोत यांचं.

पण आधी नगर कचेरी. तिथल्या खिडकीमागे मादाम दारीग बसतात. त्यांनी गुंडाळी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडली आणि चष्मा लावला.

"मस्यू काझाल, यात बाण आहेत."

"आहेत."

"रस्ते आहेत."

"आहेत, मादाम."

"म्हणजे हा रस्त्यांमधल्या बदलाचा आराखडा आहे."

"अहो नाही. रस्ते आहेत तसेच राहणार. मी फक्त लिहून काढलेत."

"आहेत तसेच राहणार असतील तर मेयरची सही कशाला हवी?"

मी स्वतः सरकारी नोकर आहे. या प्रश्नाला उत्तर नसतं हे मला ठाऊक आहे. मी हाच प्रश्न लोकांना विचारून बावीस वर्षं काढली आहेत. मादाम दारीगनी नियमाचं पान काढलं. रस्त्यांचा आराखडा पंधरा दिवस जनतेसाठी लावून ठेवायचा, शेजारी एक वही ठेवायची, तिच्यात हरकती व सूचना मागवायच्या आणि एक सुनावणी अधिकारी नेमायचा. अधिकारी निवृत्त आणि निःपक्षपाती हवा.

कॅप्टन गिरो दुसऱ्या दिवशी टाय लावून हजर झाले.

अशा रीतीने माझी मार्गवही नगर कचेरीत मेयर जिथे लग्नं लावतात त्या लग्नाच्या दालनात, भिंतीवर, डाव्या खिडकीपासून उजव्या खिडकीपर्यंत टाचण्यांनी लागली. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेरेस आला, पावाची टोपली घेऊन. तिसऱ्या दिवशी रांग होती.

वहीतून काही नोंदी. मी त्या शब्दशः देतो, कारण माझ्या शब्दांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

*पान १. गास्तों पेरेस, बेकर. माझ्या दुकानासमोर एकही चिन्ह नाही. वाचणाऱ्याला वाटेल, इथे थांबण्यासारखं काही नाही. गेल्या वर्षी जिल्ह्यात माझ्या पावाचा तिसरा नंबर आला. किमान एक हवं.*

*पान २. मादाम व्हिदाल. समोरच्यांना कुत्र्यासाठी दोन चिन्हं दिली आहेत, मला एक. त्यांचा कुत्रा मार्चमध्ये मेला. माझा जिवंत आहे आणि चावतो.*

(समोरचे म्हणजे आम्हीच. मेला तो आमचा म्हातारा कुत्रा; आताचा आहे तो नवा, आणि तोही गिलेनचंच ऐकतो.)

*पान ४. मादाम व्हिदालचा कुत्रा चावत नाही. तो भुंकतो. त्या चावतात. — एक करदाता.*

*पान ७. चर्चच्या वळणावर "घसरण" असं लिहिलं आहे. ते शेणामुळे आहे, श्रद्धेशी संबंध नाही, असं स्पष्ट करावं. — पाद्री.*

*पान ९. निळ्या फाटकाजवळ तीन कमी आहेत.*

या शेवटच्या नोंदीखाली सही नव्हती. पण ते अक्षर मी वीस वर्षं बाजाराच्या यादीवर बघतोय. मी गिलेनला काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात आमचं फार छान चाललं होतं.

!!
(पुढचा भाग सासूबाईंच्या जेवणाच्या टेबलावर घडतो. वाचकांनी वेग उतरवावा.)

रविवारी बारा वाजता आम्ही सासूबाईंकडे जेवायला जातो. वीस वर्षांत एक रविवार चुकला. त्या दिवशी माझं अपेंडिक्स काढत होते. त्या रविवारचा विषय अजून निघतो.

त्या दिवशी बदक होतं. रेजिसला मांडी मिळाली, गिलेनला छातीचा तुकडा. माझ्या ताटात मान आली. मान आली की मला कळतं.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या दारात तुम्हाला तीन चिन्हं घालावीशी वाटली."

"ती तुमच्यासाठी नाहीत. नाल्यासाठी आहेत."

"नाला कोणाचा?"

"तुमचा."

"मग झालं तर."

"आई, तिथे खरंच खोल आहे," मी म्हणालो. "गवतात दिसत नाही."

"त्या नाल्यात चाळीस वर्षांत चार जण पडले. चारही बाहेरगावचे. गावातल्या माणसाला माहीत असतं."

"पण मार्गवही बाहेरच्या माणसासाठीच असते ना!"

"बाहेरच्या माणसाचं माझ्या दाराशी काय काम आहे?" त्यांनी काटा खाली ठेवला. आमच्याकडे सासूबाईंनी काटा खाली ठेवला की बाकीच्यांनीही ठेवायचा असतो. "गाडीचे कागद माझ्या नावावर आहेत. ती देशाबाहेर न्यायची तर कस्टमच्या फॉर्मवर सही माझी लागते. ती तीन चिन्हं तिथे आहेत तोवर माझ्या पेनात शाई नाही."

रेजिस बदकाचं हाड चोखत होता. बाहेर आल्यावर त्याने मला गोठ्याच्या भिंतीशी गाठलं.

"दाजी, तीन काठ्या आणि तीन टिंबं. खोडा ना! माझी दोन वर्षं गेली आहेत या गाडीत."

"पण नाला आहे रे तिथे."

"आहे, मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या कोणाला माहीत असायची गरज काय आहे?"

हा प्रश्न ज्या माणसाने विचारला, त्याला मी दोन महिन्यांनी वाळवंटात रस्ता दाखवणार होतो.

कि.मी. १७.००
सुनावणी. वळण दोन्हीकडे.

कॅप्टन गिरोंनी लग्नाच्या दालनात सुनावणी घेतली. चौसष्ट हरकती होत्या. बासष्ट जणांना चिन्ह वाढवून हवं होतं. एकाला, म्हणजे पाद्र्याला, स्पष्टीकरण हवं होतं. आणि चिन्हं काढून टाकायची मागणी फक्त एकीची होती, आणि ती पहिल्या रांगेत हातमोजे घालून बसली होती.

ज्यांच्या घरापुढे तीन चिन्हं होती ते मागच्या रांगेत ताठ बसले होते, जणू सरकारने त्यांना बिल्ला दिला होता. ज्यांच्यापुढे एकही नव्हतं ते विचारत होते, की आम्ही कर भरत नाही का?

कॅप्टननी टेबलावर मूठ आपटली. "एकूण चिन्हं किती?"

"एकेचाळीस," मी म्हणालो.

"मग एकेचाळीसच राहतील. गावाचा धोका वाढवायचा अधिकार मला नाही, घटवायचाही नाही. मी फक्त न्याय्य वाटप करीन."

मला उभं राहून सांगायचं होतं, की चिन्हं खड्ड्यांवर असतात, माणसांवर नाही. मी उभा राहिलोही. "मस्यू काझाल, आपण अर्जदार आहात," कॅप्टन म्हणाले, "अर्जदाराने बसावं." मी बसलो.

दीड तासाने वाटप झालं. निळ्या फाटकाची तीन चिन्हं मोकळी झाली. त्यातलं एक पेरेसच्या दुकानाला, पावाच्या गुणवत्तेबद्दल. एक मादाम व्हिदालच्या जिवंत कुत्र्याला. एक हुतात्म्यांच्या स्मारकाला, कारण तिथे एकही नसणं बरं दिसत नव्हतं. पाहता पाहता बाकीचीही हलली. दगडखाणीच्या कड्यावरची दोन चिन्हं वृद्धाश्रमाकडे गेली. कड्याच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं.

"आणि मादाम लामोतच्या फाटकाशी काय लिहायचं?" मी विचारलं. "तिथे काहीतरी लिहावंच लागेल, चौकट आहे."

सासूबाईंनी हातमोज्याचं एक बोट नीट केलं. कॅप्टन विचारात पडले आणि म्हणाले, "तिथून दरी छान दिसते. लिहा: रम्य देखावा."

मी लिहिलं. मी बावीस वर्षांत शेतकऱ्यांच्या शिव्या खाऊन, एकदा तर बंदुकीसमोर उभं राहूनही, नकाशावरची एक रेघ इकडची तिकडे केली नव्हती. त्या दिवशी मी एका बैठकीत आख्खं गाव हलवलं आणि अक्षर मात्र नेहमीसारखं सुबक आलं.

कि.मी. १२.४०
निळं फाटक. ~~!!!~~ रम्य देखावा.

आता फक्त शिक्का राहिला होता. मेयर मस्यू एस्कूब यांच्यापुढे मार्चमध्ये निवडणूक होती. ते म्हणाले, नुसता शिक्का नको, मी स्वतः मार्गवहीप्रमाणे गाडी चालवून खात्री करतो. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा माणूस बोलावू.

मी म्हणालो, "मस्यू, खरंच गरज नाही."

"काझाल, लोकांच्या प्रतिनिधीने जमिनीवर उतरलं पाहिजे."

ते उतरले. पण ते जरा नंतर.

मेयरची स्वतःची करड्या रंगाची गाडी. मागे छायाचित्रकार. पुढे मी, मांडीवर गुंडाळी. पेरेसच्या दुकानासमोर मी "एक" म्हणालो, मेयरनी वेग कमी केला आणि पेरेसला हात केला. व्हिदालबाईंच्या दारात "दोन" म्हणालो, त्यांनी आणखी कमी केला. कुत्रा झोपला होता. स्मारकापाशी त्यांनी टोपी काढली. गाडी माझ्या शब्दावर हळू होत होती, जलद होत होती, आणि लाज वाटते सांगायला, मला ते फार आवडलं. इतकं, की बारा किलोमीटर होईपर्यंत मी खोटं वाचतोय हे विसरूनच गेलो.

"बारा चाळीस," मी म्हणालो. "निळं फाटक. रम्य देखावा."

मेयरनी मान वळवून देखावा पाहिला.

देखावा खरंच रम्य होता. पुढचं चाक नाल्यात गेल्यावर तो तिरका दिसू लागला, तरीही. छायाचित्रकाराने मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर येताना एक फोटो काढला. त्यात माझं कोपर आहे.

मेयर बाहेर आले. कपाळावर टेंगूळ, गुडघ्याला चिखल. ते माझ्याकडे बघून जे बोलणार होते ते बोलले असते तर हे सगळं तिथेच संपलं असतं, पण फाटक उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. गावात मादाम लामोत, त्यांच्या चार बहिणी, सहा भाचे आणि त्यांच्या बायका मिळून सतरा मतं होतात.

"पडलात?" सासूबाईंनी विचारलं.

"छे," मेयर म्हणाले. "थांबलो. देखावा बघायला."

आणि त्यांनी खिशातून शिक्का काढला, गाडीच्या वर आलेल्या मागच्या भागावर मार्गवही पसरली आणि ठोकला: *जमिनीशी तंतोतंत जुळते.*

कस्टमच्या फॉर्मवर संध्याकाळी सही झाली. पेनात शाई भरपूर होती.

कि.मी. २१.५०
~~ही चौकट खोडली आहे. इथे मी रेजिसला खरं काय ते सांगणार होतो.~~

सराव म्हणून मी आणि रेजिसने त्याच मार्गवहीवर जीप चालवली. दुसरी मार्गवही नव्हतीच. मी "एक" म्हणालो.

"इथे एक कशासाठी?" रेजिस म्हणाला. "सरळ रस्ता आहे."

"पाव चांगला मिळतो."

"म्हणजे शून्य धरायचं." पुढे मी "दोन" म्हणालो. "कुत्रा झोपलाय, दाजी. एक धरतो." दगडखाणीच्या कड्यावर मी काहीच म्हणालो नाही, तिथे त्याने स्वतःच ब्रेक मारला आणि माझ्याकडे पाहिलं. "एकूण हिशेब कळला. तुम्ही सांगाल त्यातून एक वजा करायचं, आणि नाही सांगाल तिथे बघून चालायचं."

"अरे, ती गावाची गोष्ट वेगळी होती! वाळवंटातली वही संयोजक देतात. ती खरी असते."

"ती कोणी केलेली असते?"

"त्यांच्या माणसांनी."

"त्यांना सासू नसते का?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. वाटाड्याने बाहेर बघायचं नसतं.

कि.मी. ०.००
मीटर पुन्हा शून्य करा. आफ्रिका.

समुद्र ओलांडल्यावर पहिले सहा दिवस आम्ही फारसे वाईट नव्हतो. म्हणजे आमच्या मागे लोक होते. रोज संध्याकाळी तळावर मला दुसऱ्या दिवसाची गुंडाळी मिळायची. मी ती रंगवायचो. एकाला पिवळा, दोनाला केशरी, तीनाला लाल. शेजारच्या तंबूतले लोक येऊन बघायचे, इतकी ती सुबक असायची. रेजिसही बघायचा आणि म्हणायचा, "दाजी, छान. लाल म्हणजे केशरी ना?"

त्याने वजाबाकी सोडली नव्हती. तीनाला तो दोनाइतका हळू व्हायचा, दोनाला एकाइतका. आणि चीड आणणारी गोष्ट अशी, की सहा दिवस काहीच झालं नाही. संयोजक जरा सढळ हाताने चिन्हं देतात, हे सातव्या दिवसापर्यंत खरं होतं.

सातव्या दिवशी सकाळी, मालीत कुठेतरी, मी वाचलं: "दोनशे तेरा किलोमीटर साठ. कोरडा ओढा. दोन."

"एक," रेजिस म्हणाला.

"दोन, रेजिस! केशरी!"

"कोणाचं घर आहे तिथे?"

तिथे कोणाचंच घर नव्हतं. जमीन एकदम संपली आणि दोन पुरुष खोल ओढ्यात पुन्हा सुरू झाली. जीप नाकावर उभी राहिली, विचारात पडली आणि परत खाली बसली. पुढचा आख तुटल्याचा आवाज आला. रेजिस म्हणाला, "दोनच होते."

आमची रॅली संपली. आख नाही म्हणजे गाडी नाही, गाडी नाही म्हणजे दिवसभर बसून झाडू-ट्रकची वाट बघायची. हा ट्रक सगळ्यांच्या मागून येतो आणि आमच्यासारख्यांना गोळा करतो. रेजिसने सासूबाईंनी दिलेला बदकाचा डबा उघडला, जीपच्या सावलीत बसला आणि माझ्याकडे पाठ करून खायला लागला. मला विचारलंही नाही.

मी ओढ्यातून वर चढलो. आमच्यामागे अजून पुष्कळ जण यायचे होते: आमच्यापेक्षा हळू असलेल्या गाड्या, मग सगळे ट्रक. पूर्वेला धूळ दिसली. मी काठावर उभा राहिलो आणि गुंडाळीचा हात वर केला.

पहिली गाडी थांबली. थांबली म्हणजे खरोखर थांबली. हेल्मेटमधून एक बेल्जियन माणूस म्हणाला, "कुठून?"

"तिरके या. उजव्या कोपऱ्यातून, अगदी सावकाश."

तो उजव्या कोपऱ्यातून अगदी सावकाश गेला. वाद नाही, प्रश्न नाही. पलीकडे जाऊन त्याने हॉर्न वाजवला. आभार म्हणून.

मग दुसरी, तिसरी. मग इटालियन दोघे भाऊ, जे सकाळी तळावर कोणाशी बोलत नव्हते. मी हात वर केल्यावर शाळेतल्या मुलांसारखे थांबले. मग एका मोठ्या कारखान्याच्या संघाची निळी गाडी, आदल्या दिवशीच्या बिघाडामुळे मागे पडलेली. ताशी दीडशेने येत होती. मी हात खाली घेतला नाही. ती माझ्यासमोर पंधरा पावलांवर उभी राहिली. आतल्या चालकाने मला मान लववून नमस्कार केला, मग माझ्या बोटाकडे बघत बघत ओढा उतरला. मग ट्रक. दहा दहा टनांचे ट्रक, एकामागून एक. माझ्या तळहातापुढे गपकन थांबायचे आणि मी सोडीन तसे सुटायचे.

"दाजी," खालून रेजिस ओरडला, "बसा आता! ऊन लागेल."

"अजून येताहेत."

"तुम्हाला पगार देणार आहेत का?"

बोलायला वेळ नव्हता. सदतीस गाड्या गेल्या. सदतीस वेळा मी सांगितलं आणि सदतीस वेळा लोकांनी ऐकलं. गिलेन तिथे असती तर तिने छत्री घरी ठेवली असती, असं मला वाटलं. मग वाटलं, नसती ठेवली. पण वाटलं, हेही काही कमी नाही.

उन्हं कलू लागली तेव्हा झाडू-ट्रक आला. दोन माणसं उतरली. त्यातल्या दाढीवाल्याने यादी बघितली, जीप बघितली, रेजिस बघितला आणि वर माझ्याकडे बघितलं. "मस्यू, या, चढा."

"मागे कोणी राहिलं नाही ना?"

"आम्हीच शेवटचे. आमच्यामागे कोणी नसतं, म्हणून तर आम्ही."

"धूळ दिसतेय," मी म्हणालो.

दिसत होती. पण ती पूर्वेकडून नव्हती. दक्षिणेकडून, जिथून कोणी यायचं नव्हतं तिथून येत होती. दाढीवाला म्हणाला, "आमच्या यादीत कोणी नाही." मी काठावर परत गेलो, पाय रोवले आणि हात वर केला. आता मला ते छान जमत होतं.

एक जुना मालट्रक येत होता. मागे गाद्या, गाद्यांवर बायका, बायकांच्या मांडीवर पोरं, आणि टपावर बांधलेल्या तीन मेंढ्या. चालकाचा हात खिडकीबाहेर होता. तो वेगात सरळ माझ्या दिशेने आला. मी तळहात आणखी उंच केला आणि जोरात ओरडलो, "सावकाश! उजवीकडून!"

त्याने मला पाहिलं. त्याला आनंद झाला. एवढ्या माळावर कोणी एक भला माणूस हात वर करून उभा आहे म्हटल्यावर त्यानेही हात वर केला आणि हलवला. मागच्या बायकांनी हलवला. पोरांनी दोन्ही हातांनी हलवला. मग त्याने स्टिअरिंग जरासं डावीकडे घेतलं, आणि माझ्यापासून पन्नास पावलांवर, जिथे सपाट दगड बसवून रोजच्या वापराचा उतार केलेला होता, तिथून तो वेग न उतरवता ओढा पार करून गेला. एक मेंढी तेवढी ओरडली.

खाली रेजिस हसत नव्हता. दाढीवालाही नाही. दोघे त्या उताराकडे बघत होते, मग माझ्याकडे.

पोरं अजून हात हलवत होती. माझा हात वरच होता. तो खाली आणायला काहीतरी कारण हवं होतं, म्हणून मीही तो दोनदा हलवला.